अल्हम्दुलिल्लाह, आणि त्यापुढचं

आमच्याकडे ‘कसं काय?’ विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. अल्हम्दुलिल्लाह, म्हणजे अल्लाहचे आभार. अंगात ताप असो, छत गळत असो, नाहीतर चार दिवसांसाठी आलेली नणंद महिना झाला तरी हलत नसो, आधी हेच म्हणायचं. त्यापुढचं सांगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी पुष्कळ दिवस त्यापुढचं सांगितलं नाही. आज माझ्या तोंडात जिभेची उजवी बाजू नाही.

हे मी कोणाला घाबरवायला लिहीत नाही. पण माझ्यासारख्या बायका पुष्कळ आहेत. त्यांच्यातली एखादी आत्ता आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी असेल आणि ‘जाऊ दे, होईल बरं’ असं स्वतःला सांगत असेल, तर तिने हे वाचावं म्हणून लिहितेय.

ओली जीभ

माझं माहेर गोंदियाचं. वडील मराठी शाळेत मास्तर, त्यामुळे आम्ही बहिणी मराठीतच शिकलो आणि माझं लिहिणं, चिडणं अजून मराठीतच होतं. लग्न होऊन रायपूरला आले. बीरगांवात घर आणि पंडरीच्या कापड बाजारात आमचं मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, पिको. माझा नवरा रफिक माल आणतो, लावतो. गिऱ्हाइकांशी डोकं मी लावते. त्याला चार शब्द बोलायला लागले की घाम फुटतो आणि मला गप्प बसायला लागलं की.

लहानपणी आम्हाला शिकवलं होतं की जीभ अल्लाहच्या आठवणीने ओली ठेवावी. या आठवणीला जिक्र म्हणतात. नमाजेला वेळ पाळावी लागते, वजू करून हातपाय धुवावे लागतात, पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते. जिक्रला यातलं काहीच लागत नाही. दुकानाचं शटर उचलताना बिस्मिल्लाह. शिंक आली की अल्हम्दुलिल्लाह. कोणाच्या अंगावर साडी खुलून दिसली की माशाअल्लाह. नमाज झाली की उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत तीच नावं पुन्हा पुन्हा. कणीक मळताना, सिग्नलला स्कूटीवर थांबले असताना, फॉलचे रंग जुळवतानासुद्धा ओठ हलत असतात. ‘दीदी, कल तक पिको हो जाएगा?’ असं गिऱ्हाइकाने विचारलं की मी म्हणायची, इन्शाअल्लाह. जुन्या गिऱ्हाइणी नव्यांना सांगायच्या, ‘मतलब कल नहीं होगा.’ आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

आमच्या शेजारी वंदनाताई मेश्राम राहतात. नवरा रेल्वेतून रिटायर झालेला, घरात बुद्धाची मूर्ती, दर रविवारी विहारात जाणं. देव-बिव काही मानत नाहीत आणि तसं तोंडावर सांगतात. एकदा मला म्हणाल्या, ‘आमच्यात देव नाई वो नसीम, पण तुह्या बोलण्यात तो एवढ्या वेळा येते का मले आता ओळखीचा वाटून राहिला.’ मी हसून लोटपोट झाले होते. तेव्हा हसताना काही टोचत नव्हतं.

टोचायला लागलं ते

उजवीकडची एक दाढ तुटली होती. तिची धार जिभेला घासायची. तिथे आधी पांढरट ठिपका आला, मग छाला, म्हणजे फोड. दुकानात बोलताना जीभ घाईत असते, लक्ष जात नाही. मला तो कळला पहाटेच्या नमाजेनंतर, सावकाश जिक्र करताना. ‘ल’ म्हणायला जीभ वर उचलली की कड दाढेला लागायची आणि आमच्या त्या शब्दांत ‘ल’ किती आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. प्रत्येक आभारासोबत एक टाचणी.

रफिकने विचारलं, ‘काहून जेवून नाई राहिली? बरं हाये ना?’ मी म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह. सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी विचारलं, त्यांनाही तेच. अम्मी मूळच्या कामठीच्या, बोलणं हिंदीत आणि शिस्त लष्करात शोभेल अशी. त्यांच्यासमोर कोणी ‘आई गं’ म्हटलं तरी त्या म्हणणार, ‘सब्र कर. शिकायत से सवाब चला जाता है.’ दुःख बोलून दाखवलं की त्याचं पुण्य जातं. असं ऐकत मी त्या घरात वीस-बावीस वर्षं काढली होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी ‘कैसी हैं भाभी?’ विचारलं, त्यांनाही मी आधी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं आणि मग छाल्याचं असं सांगितलं जसं काही शेजारणीचं सांगतेय. त्यांनी लावायला मलम दिलं आणि ताकदीच्या गोळ्या.

मलम संपलं, दुसरं आणलं, तेही संपलं. मग कान दुखायला लागला. कानात काही नव्हतं, तरी जिभेतून एक कळ निघून थेट कानात जायची. तिखट सुटलं, नंतर गरम चहा सुटला. जवळच्याच उरला नावाच्या औद्योगिक भागातल्या कारखान्यांची काळी राख आमच्या छतावर दर सकाळी बसते. वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर ती दिसली की मी झटकून टाकते, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा असते. त्या दिवसांत मला त्या राखेची उगाचच भीती वाटायला लागली होती. काहीतरी रोज थोडं थोडं साचतंय आणि मी फक्त झटकतेय, असं वाटायचं.

वजूत चेहरा हनुवटीच्या खालपर्यंत धुवायचा असतो. एका दुपारी धुताना जबड्याखाली बोटाला वाटाण्याएवढी गाठ लागली. बोट तिथेच राहिलं. नळ वाहत होता. मी बोट काढलं, वजू पूर्ण केला, नमाज पढले आणि खाली आल्यावर अम्मींनी ‘सब खैरियत?’ विचारलं तेव्हा मी काय म्हटलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

शेवटी मला ओढून नेलं ते माझ्या मुलीने. सना कॉलेजात आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. जेवताना माझ्या तोंडातून भाताबरोबर थोडं रक्त आलं आणि तिने ताट बाजूला सारलं. ‘मम्मी, अल्हम्दुलिल्लाह बाद में. पहले मुँह खोलो.’

‘साथ में कौन है?’

दातांच्या डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि दाढेला हात न लावता मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथली डॉक्टर तरुण, हसतमुख पोरगी. ‘कैसी हैं आप?’ तिने विचारलं. मी नेहमीचं उत्तर दिलं. तीही हसली. मग तिने टॉर्च लावून आत बघितलं आणि तिचं हसू हळूहळू आवरलं गेलं. तिने वरच्या डॉक्टरांना बोलावलं. दोघे माझ्या उघड्या तोंडावर वाकून इंग्रजीत बोलत राहिले. गुडाखू घासता का, असं मला तीनदा विचारलं. गुडाखू म्हणजे इकडची तंबाखूची मिश्री, बायका दातांना लावतात. मी आयुष्यात लावली नाही. प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हटल्यावर ते माझ्याकडे असे बघत जसं काही मी खोटंच बोलतेय. जिभेचा तुकडा तपासायला घेतला.

निकालाच्या दिवशी मी आत गेले, खुर्चीवर बसले. त्या पोरीने कागद उलटा ठेवला आणि विचारलं, ‘साथ में कौन है?’

हा प्रश्न ज्याला विचारला गेला, त्याला पुढचं सांगावं लागत नाही. रफिकला आत बोलावलं. ती सावकाश बोलत होती. जिभेची उजवी बाजू काढावी लागेल, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, मग शेकायचं मशीन, म्हणजे रेडिएशन. रफिकने एवढंच विचारलं, ‘बात कर पाएगी?’ ती म्हणाली, ‘कुछ हद तक.’ किती ते आत गेल्यावर कळेल, खोल असेल तर जास्त काढावं लागेल.

माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते मी कोणालाच सांगितलं नाही, आता सांगते. आमच्यात प्रत्येकाची एक इच्छा असते. शेवटचा श्वास जाताना जिभेवर कलमा असावा, अल्लाहशिवाय कोणी पूज्य नाही, एवढं वाक्य म्हणता यावं. माणूस जाताना घरातले त्याच्या कानाशी तेच म्हणतात, त्याच्या तोंडून निघावं म्हणून. मी माझ्या वडिलांच्या कानाशी बसले होते. त्यांचे ओठ हलले तेव्हा रडता रडता मला केवढा आनंद झाला होता. आणि आता मला एकच भीती बसली. मी जाईन तेव्हा माझ्या कानाशी सना बसेल आणि माझ्या तोंडून नुसती घरघर निघेल. ती वाट बघत राहील. ही भीती मरणापेक्षा मोठी होती, कारण मरण कसं असतं ते मला माहीत नव्हतं, पण ती खोली, ती खाट आणि सनाचा वाकलेला चेहरा मला स्पष्ट दिसत होता.

घरातलं

घरात आजार आला की माणसं येतात आणि माणसं आली की तोंडं येतात. एका नातेवाईक बाईने स्वयंपाकघराच्या दारात आवाज खाली करून म्हटलं, ‘ज़बान की तेज़ थी ना. वहीं पकड़ा.’ मी आत बिछान्यावर होते आणि माझे कान तर शाबूत होते. मी वाट बघत राहिले की अम्मी काहीतरी बोलतील. अम्मी बोलल्या नाहीत.

ते वाक्य मला फार लागलं. मी खरंच फटकळ. गिऱ्हाइकाने उगाच कापडाचे चार थान, म्हणजे तागे, उघडायला लावून काही घेतलं नाही की मी दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडत नसे. रात्रंदिवस अल्लाहचं नाव घेणारी जीभ आणि लोकांना सोलणारी जीभ एकच होती हे खरं. पण त्याची ही शिक्षा? असा विचार आला की मी घाबरून माफी मागायची आणि माफी मागताना पुन्हा तिथेच टोचायचं.

अम्मींनी दुआ पढून फुंकलेल्या पाण्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये ओळीने लावल्या. सना भडकली. ‘दादी, पानी से कुछ नहीं होगा.’ अम्मी म्हणाल्या, ‘तो मैं क्या करूँ? मुझे ऑपरेशन करना आता है?’ सनाने फ्रीजचं दार लावलं. मी ते पाणी प्यायले आणि ऑपरेशनचीही तयारी केली. रफिक दुकानात जाऊन नुसते थान उलगडायचा, गुंडाळायचा. घरी आल्यावर माझ्याकडे बघायचा नाही. मला त्याचा राग यायचा. नंतर कळलं की तो माझ्या बोलण्याचे व्हिडिओ मोबाइलवर घेत होता, मी कुकरवर ओरडत असताना, सनाला हाका मारताना. आवाज जपून ठेवायचा होता त्याला. मी विचारलं, ‘काहून रे, मी मरून राहिली का?’ तो मोबाइल खिशात घालून बाहेर निघून गेला.

वर केलेलं बोट

ऑपरेशनला नेताना सकाळ होती. ट्रॉलीवर झोपून छताचे दिवे मागे जाताना मी सगळ्या व्हरांड्यात मोठ्याने कलमा म्हणत गेले. लोक बघत होते. मला वाटलं, आहे तोवर म्हणून घ्यावा. आत भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘कैसा लग रहा है?’ मी म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह. अख्ख्या जिभेने म्हटलेला तो माझा शेवटचा शब्द.

शुद्ध आली तेव्हा नाकात नळी होती, मानेला टाके, बाजूने रक्त वाहून नेणारी बारीक नळी. तोंडात एक जड, परकी वस्तू भरलेली होती. ती माझीच जीभ होती. बोलायची मनाई होती आणि बोलता येतही नव्हतं. सनाने लिहायला पाटी आणली होती, पण उजव्या हाताला सलाईन.

नर्स फेरीला यायच्या. ‘दीदी, कैसे हो? दर्द है?’ मी डाव्या हाताचं पहिलं बोट वर उचलायची. आमच्यात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. वरचा एकच आहे, त्याचे आभार, त्याच्या मर्जीत आहे. नर्सला त्याचा अर्थ कळला की सगळं उत्तम आहे. ती हसायची, माझा खांदा थोपटायची आणि पुढे जायची.

शेजारच्या खाटेवर एका खेड्यातून आलेली म्हातारी होती. तिच्या गालाचं ऑपरेशन झालं होतं. तिला नर्स छत्तीसगढीत विचारायची, ‘बने हस दाई?’ बरी आहेस ना? ती म्हणायची, ‘हव,’ म्हणजे हो. दुखतंय का? हव. दुखत नाही ना? हव. काहीही विचारा, हव. मला तिची गंमत वाटायची, मनात हसायची. एका सकाळी डोळे उघडले तर तिची गादी गुंडाळून ठेवलेली होती आणि खिडकीत तिचा स्टीलचा लोटा तसाच राहिला होता. कोणाला विचारायला माझ्याकडे जीभ नव्हती. मी त्या लोट्याकडे बघत पडून राहिले.

त्याच दिवशी माझी मान आवळल्यासारखी व्हायला लागली. आधी नुसता ताण, मग आग. टाक्यांच्या खाली कोणी मूठ कोंबतंय असं वाटायचं. गिळताना अडकायचं, मग श्वास घेतानाही. आणि मी काय केलं? बोट वर. नर्स आली, बोट वर. रफिक काचेतून बघत होता, त्यालाही बोट. दुखणं वाढत गेलं तसं माझं बोट जास्तच ताठ होत गेलं. मला वाटत होतं हीच माझी परीक्षा आहे आणि मी ती चांगली देतेय. अम्मींना कळलं तर त्या खूश होतील, असंसुद्धा वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

दुपारी भेटायच्या वेळेत वंदनाताई आल्या. पर्स खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘कशी आहे वो?’

मी बोट वर केलं.

त्या बोटाकडे बघत राहिल्या, मग मानेकडे. ‘हे कोनाले सांगून राहिली तू?’

मी पुन्हा बोट वर केलं.

‘हव, कळलं मले. वरच्याले सांगून राहिली.’ त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि माझं ते बोट मुठीत धरलं. ‘पन त्याले तर माहीतच असन ना? तूच तर म्हनते, त्याले सगळं माहीत असते. नर्सले कोन सांगन मंग? तिले काही माहीत नाई.’

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

‘दुखते?’

मी मान हलवायला गेले, हलली नाही. पापण्या मिटल्या.

‘लय?’

पुन्हा मिटल्या. वंदनाताई उठल्या आणि त्या वॉर्डात मी कधी ऐकला नव्हता असा आवाज त्यांनी काढला. ‘ए दीदी! इधर आओ, इनकी गर्दन देखो. ये ठीक नहीं है. ये ठीक बिल्कुल नहीं है.’

टाक्यांच्या आत रक्त साचत होतं. मला पुन्हा आत नेलं. नंतर त्या तरुण डॉक्टरने रफिकला सांगितलं की अजून उशीर झाला असता तर श्वासाची नळी दबली असती. ती आणखी काय म्हणाली ते रफिकने मला फार नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, ‘इन्होंने हमें कुछ बताया ही नहीं.’

और?

दुसऱ्या वेळी शुद्धीवर आले तेव्हा अम्मी बाजूला होत्या. हातात तसबीह, म्हणजे जपमाळ, आणि ओठ हलत होते. त्या माझ्या वाटचं मोठ्याने म्हणत होत्या, माझ्या कानाजवळ, आणि मी उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा सरकवत होते. जीभ नसली तरी अंगठा चालतो. जिक्रला काही अट नाही हे मी लहानपणापासून ऐकलेलं होतं, कळलं ते त्या खाटेवर.

अम्मी थांबल्या. ‘कैसी है, नसीम?’

मी सवयीने बोट उचललं. त्यांनी ते पाहिलं, मान डोलावली आणि मग म्हणाल्या, ‘और?’

माझं बोट तसंच वर राहिलं.

‘अल्लाह का शुक्र हो गया. और बोल. कहाँ दर्द है?’ हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तसबीहकडे बघत होत्या. वंदनाताईंनी त्यांना बाहेर काय सुनावलं होतं ते मला माहीत नाही, दोघीही सांगत नाहीत. मी बोट हळूच खाली आणून मानेकडे केलं. मग कानाकडे. मग छातीकडे. अम्मी प्रत्येक वेळी ‘और?’ म्हणत राहिल्या आणि नर्स आल्यावर त्यांनी सगळं पाठ म्हणून दाखवलं. तेव्हापासून आमच्या घरात हा रिवाज झाला आहे. कोणी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं की समोरच्याने उठून जायचं नाही. ‘और?’ म्हणायचं आणि थांबायचं.

ला

टाके सुकल्यावर बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी आरसा दिला आणि पहिला धडा दिला: ला, ला, ला. जिभेचं टोक वर लावायचं. माझं टोक वर जाताना डावीकडे घसरायचं आणि ‘ला’चं ‘या’ व्हायचं, कधी नुसती हवा. लाळ गळायची. मांडीवर रुमाल घेऊन, लहान लेकरासारखी.

बाईंना माहीत नव्हतं त्यांनी मला काय दिलंय ते. कलमा ‘ला’नेच सुरू होतो. पुढे सगळे ‘ल’च आहेत, कुठे लपायला जागा नाही. मी घरी दार लावून बसायची आणि त्या एका वाक्याशी झगडायची. माझी सगळी भीती त्या वाक्यात होती. कित्येक दिवस ते ओळखू येण्यासारखं निघतच नव्हतं. एकदा इतका राग आला की आरसा पालथा घातला आणि अल्लाहला म्हटलं, घे, हेच हवं होतं ना तुला? मग घाबरले, मग रडले, मग आरसा सरळ केला.

एका संध्याकाळी दाराबाहेर सना उभी होती. मी म्हणत होते आणि ती बाहेरून माझ्यामागून म्हणायला लागली, सावकाश, मी जसं वडिलांच्या कानाशी म्हटलं होतं तसं. मी दार उघडलं. ती म्हणाली, ‘समझ में आया, मम्मी. टेढ़ा है, पर समझ में आया.’ मी तिला घट्ट धरलं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

नंतरचं शेकणं मात्र कोणी सोपं आहे म्हणालं तर विश्वास ठेवू नका. चेहऱ्यावर बसेल असा जाळीचा मुखवटा करतात आणि तो टेबलाला घट्ट अडकवतात. मग सगळे बाहेर जातात. जाड दार बंद होतं. तुम्ही हलू शकत नाही, तोंड उघडू शकत नाही, फक्त मशीन फिरताना ऐकू येतं. कबरीत पहिल्या रात्री असंच वाटत असेल, असं माझ्या मनात यायचं. तिथे मी अंगठा पेरांवर फिरवायची. एवढंच शरीर माझं होतं, बाकी सगळं त्यांनी बांधून ठेवलं होतं.

शेकण्याने लाळ सुकली. तोंड कोरडं पडलं ते अजून तसंच आहे. पाण्याची बाटली सतत जवळ लागते, एक घोट, दोन शब्द, पुन्हा घोट. जीभ ओली ठेवा असं शिकवलं होतं, आता ती बाटलीने ओली ठेवते आणि मग नाव घेते. दुकानात बसते. गिऱ्हाइकांना माझं बोलणं दोनदा ऐकावं लागतं. फटकळपणा कमी झालाय, पण तो काही सुधारल्यामुळे नाही, घोट घेईपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं.

या वेळी

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण गेल्या आठवड्यात वजूत तोंडात पाणी घेऊन चूळ भरताना जुन्या टाक्यांपाशी टोचलं. पाणी थंड होतं म्हणून असेल, असं म्हणून मी तिथेच थांबले. मग खाली आले. अम्मी ओसरीत बसल्या होत्या.

‘कैसी है?’

‘अल्हम्दुलिल्लाह.’

‘और?’

‘टोचतंय, अम्मी. तिथेच.’

त्यांच्या हातातली तसबीह थांबली. मग त्यांनी ती गुंडाळून बाजूला ठेवली आणि मला रफिकला फोन लावायला सांगितलं.

हे लिहितेय तेव्हा निकाल यायचा आहे. ओढणीवरची राख मी आज झटकली नाही, तशीच राहू दिली. भीती वाटते का, असं विचाराल तर वाटते, फार वाटते. कलमा मला म्हणता येतो, पण जास्त कापावं लागलं तर तो पुन्हा शिकायला वेळ मिळेल का, हे मला माहीत नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलात त्याच तरुण डॉक्टरने विचारलं, ‘कैसी हैं आप?’ मी म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह, आणि बाटलीतून घोट घेऊन त्यापुढचं सगळं सांगितलं. कुठे, कधीपासून, गिळताना कसं, कानात जातं का. तिने टॉर्च लावला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचं हसू पूर्वीसारखंच हळूहळू आवरलं गेलं. तिने तुकडा घेतला, हातमोजे काढले आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

‘साथ में कौन है?’

जिभेवर कापूस होता, बोलता येत नव्हतं. बाहेर बाकावर रफिक होता, सना होती, अम्मी आणि त्यांच्याशेजारी डबा मांडीवर घेऊन वंदनाताई. मी बोट उचललं. या वेळी वर नाही, दाराकडे केलं.